डोंबिवली ते नागपूर, मे महिना, १७ मासे आणि एक सासूबाईंचा

खिडकीतली | ४ मे, रात्री १०:१२

नवऱ्याची बदली नागपूरला झाली. १६ तारखेला ट्रक निघणार, मागून आम्ही गाडीने समृद्धीवरून. भांडी, पुस्तकं, कुंड्या, सगळ्यांची सोय लागली. राहिली माशांची तीन फुटी टाकी. तीत आठ सर्पे टेट्रा, सहा कोरी, मोती गुरामीची जोडी आणि वीतभर लांबीचा एक सकर. हा सकर घरी आला तेव्हा दोन इंचांचा होता आणि दुकानदार म्हणाला होता, 'ताई, काच साफ ठेवतो.' आता काच सोडून बाकी सगळं साफ करतो. शिवाय बरणीत सासूबाईंचा निळा फायटर आहेच.

'देऊन टाक, तिकडे नवे घे' हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतोय. गुराम्या चार वर्षांच्या आहेत, मी खिडकीशी आले की वर येतात.

दहा-अकरा तासांचा प्रवास, आणि नागपुरात मे महिना. पिशव्या की बादल्या? पाणी किती? दिवसा निघावं की रात्री? कोणी एवढ्या लांब नेले असतील तर सांगा.

---

जुना टँकवाला | ४ मे, रात्री ११:०५

काळजी करू नका. मासे याहून लांबचे प्रवास करतात. तुमचे टेट्राही कोलकात्याहून किंवा चेन्नईच्या कोळत्तूरहून पिशवीतूनच मुंबईत आले असणार.

निघण्याआधी दोन दिवस खाणं बंद. आदल्या दिवशी टाकीतलं थोडं पाणी बदला आणि त्याच ताज्या पाण्यात पॅकिंग करा. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. जवळच्या दुकानात आधी सांगून ठेवलंत तर ऑक्सिजन मारून देतात. पिशवी दुहेरी, बाहेरची उलट्या बाजूने चढवलेली, म्हणजे कोपरे गोल होतात. नाहीतर टेट्रासारखा बारीक मासा कोपऱ्यात अडकून चिरडतो. पिशव्या थर्माकोलच्या पेटीत आडव्या ठेवा. आडव्या पिशवीत पाण्याचा पृष्ठभाग मोठा राहतो. मधल्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे, आणि झाकण बंद. अंधारात मासा गप्प राहतो आणि श्वासही कमी घेतो.

सकर कोणाबरोबरही ठेवू नका. हगण्यात त्याचा हात धरणारा मासा नाही.

---

रंकाळा | ५ मे, सकाळी ८:४०

खाणं बंद, याला माझे +१००. यामागे माझी एक जखम आहे.

सहा वर्षांपूर्वी पुण्याहून कोल्हापूरला पाच गोल्डफिश आणले. जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. निघताना माझ्या आईने मुठीने दाणे टाकले, 'एवढा प्रवास, उपाशी कसे जातील बिचारे.' आपल्याकडे शिदोरीशिवाय कोणी घराबाहेर पडतं का! कराडला चहाला थांबलो तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं आणि दोन मासे आडवे पडले होते. घरी पोचेपर्यंत एकच शिल्लक. आईला मी अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

---

फक्त वाचक | ५ मे, सकाळी ११:१९

मूर्ख प्रश्न असेल, पण दोन दिवस उपाशी राहून मरणार नाहीत का? आणि पाणी कमी का? जास्त पाणी म्हणजे जास्त प्राणवायू ना?

---

पीएचसात | ५ मे, दुपारी २:३३

मूर्ख अजिबात नाही. इथेच सगळ्यांचा घोळ होतो.

धडधाकट मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो. त्याचं रक्त थंड, शरीर तापवण्यात त्याची ऊर्जा जात नाही. मत्स्यबीज केंद्रांवरही बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाठवण्याआधी काही तास हाप्यात, म्हणजे जाळीच्या चौकटीत, उपाशी दाटीवाटीने ठेवतात. पोट तिथेच रिकामं होतं, पिशवीत घाण होत नाही. लाखोंच्या संख्येने बीज नेणारे हे करतात, मग आपल्या सतरा माशांना कसली चिंता?

आता पाण्याचं. साध्या हवेत २५ अंशांना एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त आठेक मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट एक लिटर शुद्ध प्राणवायूचं वजनच सुमारे १.३ ग्रॅम, म्हणजे १३०० मिलिग्रॅम. त्यामुळे माशाचा प्राणवायूचा साठा पाण्यात नसतो, पाण्याच्या वर असतो. पिशवी पाण्याने गच्च भरणं म्हणजे सिलिंडर काढून त्या जागी वीट ठेवणं.

आणि ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत सहसा मासा गुदमरून मरत नाही, तो स्वतःच्याच अमोनियाने मरतो. अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून सुटतो, त्यामुळे उपाशी माशाचाही तो थोडाफार सुटतच राहतो. पण बंद पिशवीत एक बरी गोष्ट घडते. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो, पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, आणि पीएच खाली आला की बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात राहतो. ते रूप बरंच कमी विषारी. पीएच ७ ला विषारी अमोनियाचा वाटा एक टक्क्याच्याही आत असतो, ८ ला साधारण दहापट.

म्हणून खरा धोका पिशवी उघडल्यावर सुरू होतो. हवा लागली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि दहा तास निपचित पडलेलं विष जागं होतं. लोक म्हणतात, 'प्रवासात सगळे जिवंत होते हो, घरी आल्यावर गेले.' ते यामुळे.

---

जुना टँकवाला | ५ मे, संध्याकाळी ७:५०

पीएचसात, बाकी सगळं मान्य. पण याचा अर्थ ठिबक लावायचंच नाही? मी वीस वर्षं पिशवी बादलीत ओतून सलाइनच्या नळीने दीड-दोन तास टाकीचं पाणी थेंबथेंब सोडतो. मासे मरत नाहीत.

---

पीएचसात | ५ मे, रात्री ९:१५

तुम्ही मासे कुठून आणता?

---

जुना टँकवाला | ५ मे, रात्री ९:२२

कुर्ल्याहून. राहायला ठाण्यात.

---

पीएचसात | ५ मे, रात्री ९:३१

मग बरोबर आहे. तासाभराच्या पिशवीत साठून साठून अमोनिया किती साठणार? तिथे ठिबक छानच. पण दहा तासांची पिशवी उघडी करून तिच्यात दोन तास मासे ठेवणं म्हणजे पाहुण्याला दारातच धुरात उभं करणं. लांबून आलेल्या माशासाठी पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगवा, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा, बादलीवर जाळी धरून ओता, जाळीतला मासा लगेच टाकीत. पिशवीतलं पाणी मोरीत.

---

जुना टँकवाला | ५ मे, रात्री १०:०२

आणि पाण्याचा कडकपणा? नागपुरात नळाला पेंच धरणाचं पाणी असलं तर एक वेळ ठीक, बोअरचं असलं तर दगडासारखं. डोंबिवलीच्या मऊ पाण्यातला टेट्रा एकदम त्यात टाकला तर त्याच्या शरीराला तो धक्का कोण सोसणार? पाठ्यपुस्तक वाचून मासे जगत नाहीत.

---

पीएचसात | ५ मे, रात्री १०:४०

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो सोडला होता, चूक मान्य. पण उपाय ठिबक नाही. माशाला नव्या पाण्याची सवय लावण्यापेक्षा नवं पाणी जुन्यासारखं करून ठेवा. खिडकीतली ताई, टाकीतलं ५०-६० लिटर पाणी २० लिटरच्या जारमधून घेऊन जा. तिथे निम्मं जुनं, निम्मं नळाचं, अँटी-क्लोरीन टाकून. मग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं पाणी बदलत नागपूरकर करा त्यांना.

---

वऱ्हाडी ठेचा | ६ मे, सकाळी ७:०५

ताई, नागपुरात स्वागत हाय! आता उन्हाचं सांगतो. दिवसा निघाल अन् दुपारी दोनला इथं पोचाल तर मासे शिजूनच येतील. मे महिन्यात इथं पारा ४५ ला टेकते. गाडीतला एसी चालू असला तरी जेवायला उतरून गाडी बंद केली की दहा मिनिटांत आत भट्टी. डिक्कीत तर ठेवूच नका. रात्री निघा, सकाळी सात-आठच्या आत घरी.

अन् पेटीत बर्फ टाकायचा मोह आवरा. माझ्या मित्रानं पिशव्यांवर थेट बर्फाच्या लाद्या ठेवल्या, ३० वरून पाणी १८ वर गेलं, निऑन टेट्रा सगळे पांढरे. गोठवलेली बाटली ठेवायचीच असली तर वर्तमानपत्राच्या पाच-सहा घड्यांत गुंडाळून कोपऱ्यात. ड्राय आइस कोणी सुचवला तर हात जोडा, बंद पेटीत तो कार्बन डायऑक्साइडच सोडतो.

---

एडिसनकर | ६ मे, सकाळी ९:४८

थोडं अवांतर. इथे अमेरिकेत विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत पारदर्शक डब्यातल्या पाण्यातला जिवंत मासा केबिन सामानात नेऊ देतात, पाण्याची नेहमीची मर्यादा त्याला लागत नाही. पण विमान कंपनीचे नियम वेगळे, त्या नाही म्हणू शकतात. तुम्ही गाडीनेच जा. समृद्धीचे व्हिडिओ बघून इकडे बसल्या बसल्या जळतो आहे.

---

हुगळीकाठ | ६ मे, दुपारी १:२०

बंगालमध्ये नोकरीनिमित्त बारा वर्षं झाली. इथला एक देखावा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नैहाटीकडे मत्स्यबीजाचा मोठा बाजार आहे. प्लास्टिकची पिशवी येण्याआधी इथले लोक बीज हंडीतून नेत, मातीच्या आणि पुढे अॅल्युमिनियमच्या. अजूनही लोकलच्या सामानाच्या डब्यात हंडी घेऊन बसलेला माणूस दिसतो. तो सतत तळहाताने पाणी थापटत असतो. थप थप, थप थप, एका लयीत. पाणी हललं की हवा मिसळते. बोलताना, बिडी ओढताना, पेंगतानाही हात चालूच. मी एकदा विचारलं, दमत नाही का? म्हणाला, हात थांबला की जाग येते.

एअर पंप बंद पडला तर हे लक्षात ठेवा. बादली आणि हात पुरतो.

---

खिडकीतली | ६ मे, रात्री ११:३०

हुगळीकाठ, 'हात थांबला की जाग येते' हे वाक्य मी नवऱ्याला गाडी चालवताना ऐकवणार आहे.

ठरलं ते असं. टेट्रा चार-चार, कोरी तीन-तीन, गुराम्या एकेकट्या, म्हणजे सहा पिशव्या, दोन पेट्यांत. सकरला झाकणाची बादली आणि बॅटरीवरचा एअर पंप. आता तीन शंका. एक, पाण्यात मीठ टाकू का? दोन, दुकानदार म्हणतो झिओलाइटची पुडी टाक, अमोनिया शोषतो. तीन, काही लोक लवंगतेलाचा थेंब टाकतात म्हणे, मासे झोपतात?

---

पीएचसात | ७ मे, सकाळी ६:५५

झिओलाइट खरंच अमोनियम धरून ठेवतो, पण मीठ टाकलंत तर मिठातलं सोडियम त्याची जागा घेतं आणि धरलेलं परत पाण्यात सुटतं. दोन्ही एकत्र करू नका. दोघांतलं एकच निवडायचं तर तुमच्यासाठी झिओलाइट, पण चांगला धुऊन, चुरा राहता कामा नये.

लवंगतेल ही खरंच भूल आहे, पण कमी आणि जास्त यांतलं अंतर थेंबाचं. घरी नको.

---

जुना टँकवाला | ७ मे, सकाळी ८:१०

कोरीचं एक राहिलं. त्या फार घाबरल्या की पाण्यात विष सोडतात, छोट्या पिशवीत त्यानेच स्वतः मरतात. म्हणून पकडल्यावर आधी बादलीत अर्धा तास ठेवा, मुद्दाम थोड्या हलवा. जे सोडायचं ते तिथे सोडू दे. मग स्वच्छ पाण्यात भरा. आणि जाळीने पकडू नका, परांचे काटे जाळीत अडकतात, पिशवीलाही भोक पाडतात. प्लास्टिकच्या वाडग्याने उचला.

टाकी पूर्ण रिकामी करूनच ट्रकमध्ये. 'थोडी वाळू राहू दे' म्हणून ठेवलीत तर तळाचं सिलिकॉन सुटतं, हे नागपुरात पाणी भरल्यावर कळेल, हॉलमध्ये.

फिल्टरमधला स्पंज आणि चिनीमातीच्या कड्या हे टाकीचं खरं पोट. तिथले जिवाणू अमोनिया पचवतात. ते ओले राहिले पाहिजेत पण बुडलेले नकोत. टाकीच्या पाण्यात भिजवून, निथळून, भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात. बंद पाण्यात दहा तास राहिले तर प्राणवायू संपून मरतात आणि सडतात.

---

रंकाळा | ७ मे, सकाळी ९:३०

सकर नेताय हे चांगलं करताय. 'जाता जाता नदीत सोडून दे' म्हणणारा कोणीतरी भेटतोच. उजनीत हा मासा असाच शिरला आणि आता तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांची वाट लावतो. खायला कोणी घेत नाही, अंगावर चिलखत.

---

खिडकीतली | १८ मे, सकाळी १०:०५

पोचलो! सतराच्या सतरा जिवंत. अठराव्याचं शेवटी सांगते.

१६ ला संध्याकाळी दुकानात ऑक्सिजन मारून घेतला, पिशवीमागे ३० रुपये. त्या मुलाने कामाच्या गडबडीत एका पिशवीला एकच रबर बँड लावला होता, घरी येऊन बघितला म्हणून बरं, फस्स होत होती. पुन्हा धावपळ. साडेआठला निघालो. पेट्या मागच्या सीटवर, पट्टा लावून. दर दोन तासांनी थांबलो तेव्हा झाकण उघडून बघायचा मोह व्हायचा, नवरा म्हणाला, 'पाव फुगतोय का बघितल्यासारखं सारखं काय बघतेस.' सिंदखेडराजाच्या पुढे पहाटे एकदाच उघडली. वर चिकटवलेली तापमानाची पट्टी २७ दाखवत होती.

सकरने बादलीच्या झाकणाला रात्रभर आतून धडका दिल्या. पंपाच्या सेल मेहकरच्या आसपास संपल्या. बदलायला घेतल्या तर नव्या सेलचं पाकीट ट्रकमध्ये! मग काय, हुगळीकाठ, मी मागे वळून चाळीस मिनिटं बादलीत हात थापटत बसले. सासूबाई म्हणाल्या, मी थापटते, तू झोप. आळीपाळीने केलं. पुढच्या पंपावर सेल मिळाल्या.

सकाळी सव्वासातला घरी. आमची टाकी ट्रकमध्येच होती, म्हणून दिराने दुसरी एक टाकी आदल्या दिवशी भरून ठेवली होती, आपलं पाणी सकाळी मिसळलं. बंद पिशव्या तरंगवल्या, मग जाळीवर ओतून आत. पिशव्यांच्या पाण्याला येणारा वास, काय सांगू. दिवा बंद, खाणं बंद. संध्याकाळी गुराम्या खिडकीच्या बाजूला. खिडकी वेगळी आहे, पण त्यांना काय.

फायटरला पिशवीत घालू देईनात सासूबाई. 'तो वरची हवा घेतो, मला माहीत आहे, तुमच्याआधीपासून पाळतेय.' लोणच्याच्या काचेच्या बरणीत, अर्धं पाणी, अर्धी मोकळी, झाकणाला भोकं, नऊवारीच्या पदराखाली मांडीवर. डोंबिवली ते शिवमडका, म्हणजे नागपूरला समृद्धी संपते तिथपर्यंत. सगळ्यांत मजेत तोच आला.

---

वऱ्हाडी ठेचा | १८ मे, सकाळी १०:२२

आजीबाईंना दंडवत _/\_

---

जुना टँकवाला | १८ मे, दुपारी १२:४०

अभिनंदन. यापुढे लांबच्या पिशव्यांना मीही ठिबक लावणार नाही, एवढं पीएचसात यांना सांगा. आणि आता दहा दिवस सावध राहा, खरं दुखणं नंतर येतं. फिल्टरचा डबा कसा पोचला?

---

खिडकीतली | २१ मे, रात्री ९:५८

नेमकं तेच विचारलंत.

स्पंज मी निथळून, भोकाच्या डब्यात ठेवला होता. ट्रकवाल्यांच्या गडबडीत नवऱ्याला तो डबा 'कोरडा' वाटला, म्हणून त्याने काळजीने गळ्यापर्यंत पाणी भरून वर दुसरं घट्ट झाकण लावलं. ट्रक तिसऱ्या दिवशी आला. उघडला तर गटार. फेकून दिला. काल टाकीचं पाणी दुधाळ झालं, आज सकाळी एक टेट्रा गेला. अमोनियाची चाचणी हिरवी येतेय, म्हणजे अमोनिया थोडाफार आहेच. रोज पाव टाकी पाणी बदलतेय, खाणं दिवसाआड चिमूटभर. नवऱ्याशी बोलणं बंद नाही, पण कमी आहे.

---

पीएचसात | २१ मे, रात्री १०:१५

पाणी बदलणं चालू ठेवा, नवं पाणी अँटी-क्लोरीन केलेलं आणि त्याच तापमानाचं. आता मीठ चालेल, पण अगदी थोडं, कोरी आहेत. बाजारात बाटलीतले जिवाणू मिळतात, पण त्यापेक्षा कोणाच्या तरी चालू, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा हजारपट भारी. नागपुरात कोणी आहे का?

---

खिडकीतली | २१ मे, रात्री १०:२०

धरमपेठेत आहोत. कोणाकडे असेल तर प्लीज.

---

वऱ्हाडी ठेचा | २१ मे, रात्री १०:३४

हाय ना, माझा तीन वर्षांचा स्पंज हाय. निम्मा कापून देतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला हाय, उद्या सकाळी ऊन चढायच्या आत या. डबा आणा, झाकणाला भोकं पाडून. अन् भाऊजींना गाडीतच बसवा.